‘क्रुकेड’ आणि ‘वाकडा’: कुठे जुळतात, कुठे फारकत घेतात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘क्रुकेड’ या विशेषणापुढे ‘वाकडा, तिरका, कुटिल, अप्रामाणिक’ असे प्रतिशब्द एका ओळीत दिलेले असतात. त्यांतला कोणता केव्हा घ्यायचा? सोबत आपण तीन इंग्रजी वाक्ये पाठवली आहेत. पहिल्यात भिंतीवरची तसबीर क्रुकेड आहे, दुसऱ्यात एका तरुणाचे हसू क्रुकेड आहे आणि तिसऱ्यात एक पोलीस अधिकारी क्रुकेड आहे. शेवटी आपण उलट बाजूनेही विचारले आहे की, ‘त्या दोघा भावांत वाकडे आहे’ हे वाक्य इंग्रजीत नेताना ‘क्रुकेड’ चालेल का. गेली तीसेक वर्षे मी अनुवादाचेच काम करतो आहे आणि या एका विशेषणाने मला अनेकदा थांबवले आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

पहिली गोष्ट अशी की, इंग्रजी भाषक बाक असलेल्या प्रत्येक वस्तूला क्रुकेड म्हणत नाही. केळे वाकलेले असते, चंद्रकोर वाकलेली असते, इंद्रधनुष्य तर पूर्ण कमानीसारखे असते. पण यांपैकी कशालाही क्रुकेड म्हटले तर इंग्रजी कानाला खटकते. तिथे ‘कर्व्हड्’ हा शब्द येतो, कारण तो बाक त्या वस्तूचा स्वभावच आहे. याउलट दात, नाक, टाय, शिवण, कागदावर ओढलेली रेघ आणि भिंतीवरची तसबीर क्रुकेड होऊ शकतात, कारण या वस्तू सरळ असाव्यात अशी आपली अपेक्षा असते आणि ती मोडलेली असते. जे सरळ असायला हवे होते आणि नाही, ते क्रुकेड. आजच्या इंग्रजीतल्या या शब्दाची सगळी वाटचाल, शब्दशः अर्थाची आणि लाक्षणिक अर्थाचीही, या एका वाक्यातून समजते असे माझे मत आहे. आपल्या ‘वाकडा’ या शब्दाला अशी अट नाही. विळा वाकडाच असतो आणि तो तसाच असावा लागतो. ‘वाकड्या शिंगांची म्हैस’ म्हणताना आपण म्हशीत खोट काढत नसतो.

पोलंडमध्ये ग्रिफिनो गावाजवळ पाइन वृक्षांचे एक लहानसे बन आहे. १९३०च्या सुमारास लावलेली ही सुमारे चारशे झाडे बुंध्यापाशी जवळजवळ काटकोनात वळून मग पुन्हा आकाशाकडे सरळ गेली आहेत. या बनाचे नाव इंग्रजीत ‘क्रुकेड फॉरेस्ट’ असे रूढ झाले. आपल्याकडच्या माळावरच्या बाभळी याहून कितीतरी वेड्यावाकड्या वाढतात, पण बाभळीच्या बनाला असे नाव देण्याचे कोणाच्या मनात येणार नाही, कारण बाभूळ सरळ वाढेल अशी कोणाची अपेक्षाच नसते. पाइन मात्र ओळंब्यासारखा सरळ वाढणारा वृक्ष म्हणून ओळखला जातो, आणि म्हणूनच त्याचा बाक नजरेत भरतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोम्बार्ड स्ट्रीटची गोष्ट अशीच आहे. त्या रस्त्याच्या एका टप्प्यावर उतार सुमारे २७ टक्के होता आणि तो वाहनांना झेपावा म्हणून १९२२ साली तिथे आठ तीव्र वळणे बांधण्यात आली. वळणे हेतुपूर्वक घेतलेली आहेत, देखणी आहेत, तरीही त्या रस्त्याची ख्याती जगातला सर्वांत क्रुकेड रस्ता अशीच झाली. याचे कारण आजूबाजूच्या शहरात आहे: तिथले रस्ते पट्टी लावून आखल्यासारखे चौकडीत आहेत, डोंगर मध्ये आला तरी सरळच जातात. वरंधा घाटातल्या वळणांना इंग्रजीत लिहिताना मी ‘वाइंडिंग’ लिहीन, ‘क्रुकेड’ लिहिणार नाही, आणि मराठीत तर त्यासाठी ‘नागमोडी’ हा इतका नेमका शब्द आहे की दुसरा शोधण्याची गरजच नाही.

शब्दाचे कूळ पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वस्ती केलेल्या उत्तरदेशीय लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘क्रोकर’ म्हणजे आकडा. त्यावरून इंग्रजीत ‘क्रुक’ हे नाम आले. मेंढपाळाच्या हातातली टोकाशी वळवलेली काठी म्हणजे क्रुक. ख्रिस्ती बिशपाच्या हातातला दंडही तिच्याच आकाराचा. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे बाळाचे डोके टेकवून आई त्याला घेते, त्या खळग्यालाही हातातला क्रुकच म्हणतात. म्हणजे मुळात या शब्दात निंदा नव्हती, केवळ आकार होता. विशेषण म्हणून ‘क्रुकेड’ तेराव्या शतकाच्या आरंभापासून लिखाणात सापडते, आणि लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की ‘आचरणाने सरळ नसलेला’ हा अर्थही जवळजवळ तितकाच जुना आहे. भामट्याला ‘क्रुक’ म्हणण्याची प्रथा मात्र फार नंतरची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वातली आणि अमेरिकेतली.

येथे उच्चाराबद्दल सांगितले पाहिजे, कारण आपण ज्या परीक्षेची तयारी करीत आहात तिच्यात तोंडी भागही आहे. विशेषण असताना या शब्दाचे दोन अवयव होतात: क्रुक्-इड. ‘नेकेड’, ‘विकेड’, ‘रगेड’ हे शब्द ज्या पंगतीत बसतात त्याच पंगतीत हा बसतो. पण ‘बोट वाकवणे’ या अर्थाच्या ‘क्रुक’ या क्रियापदाचा भूतकाळ सांगायचा असेल तर उच्चार एका दमात ‘क्रुक्ट’ असा होतो. लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे वाचणाऱ्याने संदर्भ पाहावा लागतो. संधिवाताने कायमचे वाकलेले बोट पहिल्या उच्चाराचे. कोणाला जवळ बोलावण्यासाठी क्षणभर वाकवलेले बोट दुसऱ्या उच्चाराचे, आणि मराठीत तिथे ‘वाकडे’ हा शब्द येतच नाही, ‘बोटाने खुणावले’ असे आपण म्हणतो. दोन अवयवांचा हा उच्चार ज्याला कानात साठवायचा असेल त्याने हँडेल या संगीतकाराची ‘मसाया’ ही रचना ऐकावी. ती १७४१ साली लिहिली गेली आणि १७४२च्या एप्रिलमध्ये डब्लिनला प्रथम सादर झाली. तिच्या आरंभीच्या एका गीतात बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचे वचन आहे, की जे क्रुकेड आहे ते सरळ केले जाईल. हँडेलने ‘क्रुकेड’ या शब्दावर गायकाला दोन स्वरांमध्ये पुन्हा पुन्हा हेलकावे घ्यायला लावले आहेत आणि ‘सरळ’ या अर्थाच्या शब्दावर एकच स्वर लांबवर, न हलवता धरायला लावला आहे. आपल्या गवयांच्या भाषेत सांगायचे तर एका शब्दावर आंदोलन आणि दुसऱ्यावर स्थिर षड्जासारखा ठेहराव. शब्दाचा अर्थ इतक्या थेटपणे गळ्यातून दाखवलेला मी फार क्वचित ऐकला आहे.

आता शब्दशः अर्थाकडे वळतो. इथे प्रतिशब्द निवडताना ‘वाकडा’ बहुधा चालतो, पण बहुधाच. इंग्रजीतला हा एक शब्द किमान तीन वेगळ्या अवस्थांना लागू होतो: वस्तू स्वतः सरळ पण ठेवली तिरकी, वस्तू एका बाजूला कललेली, आणि वस्तूचा आकारच पिळलेला किंवा मुरडलेला. आपल्या पहिल्या वाक्यातली तसबीर पहिल्या प्रकारात मोडते. तिची चौकट चारही बाजूंनी काटकोनात आहे, फक्त खिळ्यावर ती एका अंगाला घसरली आहे. मराठीत ‘तसबीर तिरकी लागली आहे’ किंवा बोलताना ‘फोटो वाकडा झालाय, जरा नीट कर’ असे म्हणतात, आणि दोन्ही बरोबर आहेत. ‘वाकडी तसबीर’ असे सुटे विशेषण मात्र मी टाळीन, कारण त्यातून चौकटच वाकली आहे असा समज होऊ शकतो. टिकली, टाय, टोपी यांनाही हीच गोष्ट लागू.

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात चेस्टरफील्ड नावाचे गाव आहे आणि तिथल्या सेंट मेरी अँड ऑल सेंट्स या चर्चचा मनोरा ‘क्रुकेड स्पायर’ म्हणून प्रसिद्ध आहे. चौदाव्या शतकातला हा २२८ फूट उंचीचा मनोरा आपल्या अक्षाभोवती सुमारे ४५ अंशांनी पिळला गेला आहे आणि शिवाय त्याचे टोक साडेनऊ फुटांच्या आसपास एका बाजूला कलले आहे. कारण म्हणून सहसा असे सांगितले जाते की, लाकूड पुरते न वाळवता, ओलेच वापरले गेले; आतल्या आडव्या आधारांची बांधणी अपुरी होती; आणि वरून बसवलेल्या शिशाच्या पत्र्यांचे वजन त्या सांगाड्याला पेलले नाही. ज्याने कधी ओल्या लाकडाचा दरवाजा करून घेतला आहे आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याला पीळ बसलेला पाहिला आहे, त्याला हे कारण समजावून सांगावे लागत नाही. अनुवादाच्या दृष्टीने मुद्दा असा की, इंग्रजीत कल आणि पीळ हे दोन्ही एकाच ‘क्रुकेड’मध्ये मावले. मराठीत ‘वाकडा मनोरा’ लिहिले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे पिसाचा कलता मनोरा उभा राहील आणि पीळ हरवेल. मी एका प्रवासलेखाचा अनुवाद करताना प्रथम उल्लेखाच्या वेळी ‘कललेला आणि पिळवटलेला मनोरा’ असे लिहिले आणि नंतर गावकऱ्यांनी दिलेले लाडके नाव म्हणून ‘वाकडा कळस’ चालवले. ‘कळस’ हा शब्द चर्चसाठी घ्यावा की नाही यावर मी बराच विचार केला होता; पण ‘स्पायर’ या निमुळत्या टोकाला दुसरा जिवंत मराठी शब्द मला मिळाला नाही.

कारागिरांची भाषा ऐकली तर आपल्याकडे शब्दांची किती श्रीमंती आहे हे ध्यानात येते. भिंत क्रुकेड असेल तर गवंडी तिला वाकडी म्हणण्याआधी ‘ओळंब्यात नाही’ म्हणतो. कोपरा चुकला असेल तर ‘गुण्यात नाही’ म्हणतो. सुतार फळीला ‘बाक आला’ आणि ‘पीळ बसला’ यांत फरक करतो. सायकलच्या दुकानात चाक वाकडे नसते, ते ‘आऊट’ असते आणि आऊट काढायला आरे कसावे लागतात. दात ‘वेडेवाकडे’ असतात, पाय ‘फेंगडे’ असतात, शिवण ‘वाकडी जाते’. अनुवादकाने प्रत्येक ठिकाणी ‘वाकडा’ लिहिले तर वाक्य चुकणार नाही, पण ते त्या माणसाच्या तोंडचे वाटणार नाही. एक उलटे उदाहरणही सांगतो. जुन्या पिढीतले लोक ‘वाकडा भांग’ म्हणत, म्हणजे डोक्याच्या मध्यावर न पाडता बाजूला पाडलेला भांग. तो पट्टीसारखा सरळच असतो; वाकडा म्हणायचे ते त्याची मधली जागा सुटली म्हणून. याचे इंग्रजी ‘क्रुकेड पार्टिंग’ केले तर इंग्रज वाचकाला नागमोडी, विस्कटलेला भांग दिसेल, आणि नटून निघालेला तरुण गबाळा ठरेल.

लाक्षणिक अर्थात तीच अट अधिक कडकपणे लागू होते, आणि इथेच आपल्या तिसऱ्या वाक्याचे उत्तर आहे. इंग्रजीत पोलीस, वकील, हिशेबनीस, पुढारी, न्यायाधीश, पंच क्रुकेड असू शकतात. व्यवहार, निवडणूक, जुगाराचा डाव क्रुकेड असू शकतो. पण क्रुकेड घरफोड्या किंवा क्रुकेड खुनी असे सहसा कोणी म्हणत नाही. वाईटपणा त्यांच्यात अधिक असेल, पण त्यांच्याकडून सरळपणाची हमी कोणी घेतलेली नसते. ज्याच्या पदाने, शपथेने किंवा धंद्याच्या नियमाने सरळ राहण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे आणि ज्याने ती पैशासाठी किंवा सत्तेसाठी मोडली आहे, तो क्रुकेड. तसबीर भिंतीवर सरळ असायला हवी तसा पोलीस खुर्चीवर सरळ असायला हवा. शब्द दोन्हीकडे एकच तक्रार करतो.

म्हणून ‘क्रुकेड पोलीस अधिकारी’ याचे मराठी ‘भ्रष्ट पोलीस अधिकारी’. लाच घेण्याचाच संदर्भ असेल तर ‘लाचखाऊ’. हिशेबनिसासाठी ‘अफरातफर करणारा’, व्यापाऱ्यासाठी ‘लबाड’ किंवा ‘बेइमान’, धंद्यासाठी ‘दोन नंबरचा’. जुगाराच्या डावासाठी मात्र ‘भ्रष्ट’ शोभत नाही. तिथे आपल्याकडे महाभारतापासून चालत आलेला ‘कपटद्यूत’ हा शब्द आहे आणि साध्या लिखाणात ‘लबाडीचा डाव’. ‘वाकडा पोलीस’ असे मराठीत लिहिले तर वाचकाला तो आडमुठा, भांडखोर, कोणाशी पटवून न घेणारा वाटेल. त्याने पैसे खाल्ले असा बोध होणार नाही.

ब्रिटिश बोलीत याच अर्थाने ‘बेंट’ हा शब्दही चालतो आणि तिथल्या पोलीसकथांत तो पानोपानी भेटतो. या शब्दाचा ब्रिटनमध्ये समलिंगी पुरुषांसाठी शिवी म्हणूनही वापर झालेला आहे, हे ठाऊक असल्याशिवाय आपल्या लिखाणात तो घेऊ नये. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ‘क्रुक’ हे विशेषण आजारी किंवा बिघडलेले अशा अर्थाने येते. तिथला शेतकरी आपण क्रुक आहोत असे म्हणाला तर त्याला बरे वाटत नाही इतकेच समजावे. राजकारणात मात्र हा शब्द निव्वळ अप्रामाणिकपणाचाच. १७ नोव्हेंबर १९७३ रोजी फ्लॉरिडात वृत्तपत्र संपादकांपुढे बोलताना अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी आपण ‘क्रुक’ नाही असे सांगितले. ते वाक्य त्यांच्या आर्थिक व्यवहारांवरच्या प्रश्नाला उत्तर देताना आले होते. मराठीत त्याचा अनुवाद ‘मी कुटिल नाही’ असा केला तर अर्थ साफ हुकतो. ‘मी लबाडीने कमावलेले नाही’ किंवा सरळ ‘मी भामटा नाही’ हे त्याच्या जवळ जाते. पुढे ९ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांना पद सोडावे लागले.

‘कुटिल’ या प्रतिशब्दाबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचे आहे, कारण त्याने माझे एक काम बिघडवले होते. उमेदीच्या काळात मी एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करीत होतो. तिच्यातला नायक अबोल, हळव्या मनाचा. नायिकेला पाहून तो जेव्हा जेव्हा हसे तेव्हा लेखिका त्या हसण्याला क्रुकेड म्हणे. मी शब्दकोश उघडला आणि ‘कुटिल हास्य’ लिहीत गेलो. हस्तलिखित वाचून प्रकाशनातल्या एका ज्येष्ठ संपादिकेने मला बोलावून विचारले, “हा मुलगा शेवटी तिला फसवणार आहे का? शंभर पाने मी त्याचीच वाट पाहते आहे.” तो फसवणार नव्हता. इंग्रजी कथांत क्रुकेड हसू हे ओठाचा एकच कोपरा वर जाणारे, जरा लाजरे, जरा खोडकर हसू असते आणि पुष्कळदा ते मन जिंकणारे म्हणूनच वर्णिलेले असते. हसताना ओठांचे दोन्ही कोपरे सारखे उचलले जावेत ही अपेक्षा मोडली, एवढाच त्या ‘क्रुकेड’चा अर्थ. मी ती सगळी ठिकाणे शोधून ‘ओठाच्या एका कोपऱ्यातून हसला’, ‘त्याचे ते एका बाजूचे हसू’ अशी बदलली. आपल्या दुसऱ्या वाक्यासाठी मी हेच सुचवीन. ‘तिरकस हसू’ही नको, कारण मराठीत तिरकस म्हटले की उपरोध आलाच.

‘कुटिल’ म्हणजे डावपेच लढवणारी, आतून आखणी करणारी बुद्धी. त्या शब्दात धूर्तपणाची दखल आहे, जी इंग्रजी ‘क्रुकेड’मध्ये नसते, लाच घेणाऱ्या माणसाला बुद्धी लागतेच असे नाही. चाणक्याचे ‘कौटिल्य’ हे नाव लोक ‘कुटिल’शी जोडतात, काही अभ्यासक ते गोत्रावरून आले असे मानतात, पण सामान्य मराठी कानाला त्यातून राजकारणाचे कसब ऐकू येते, पैशाचा अपहार नव्हे. शिवाय संस्कृत काव्यात कुरळ्या केसांना ‘कुटिल’ म्हणून वाखाणलेले आहे. म्हणून ‘कुटिल’साठी इंग्रजीत ‘डीव्हिअस’ किंवा ‘स्कीमिंग’ हे शब्द जवळचे.

आता एका नाजूक जागेकडे येतो. इंग्रजीत पाठीला बाक असलेल्या माणसासाठी पूर्वी ‘क्रुकेड’वरून बनलेले शब्द सर्रास वापरले जात, आणि शरीराचा बाक हा मनाच्या बाकाचा पुरावा मानला जाई. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली रणांगणावर पडला. नंतरच्या काळात त्याचे चित्र पाठीत कुबड आणि मनात कपट असलेल्या राक्षसाचे झाले. २०१२ साली लेस्टर शहरात त्याचा सांगाडा सापडला, तेव्हा दिसले की त्याचा कणा बाजूला वळलेला होता, पण कुबड नव्हते. कपडे घातल्यावर एक खांदा जरा वर दिसत असेल एवढेच. आपल्याकडेही मंथरेचे कुबड आणि तिची कपटी बुद्धी ही जोडी कथेकऱ्यांनी घट्ट केली आहे. म्हणून आजच्या मराठीत अशा व्यक्तीविषयी लिहिताना ‘वाकडा’ किंवा ‘कुबडा’ न लिहिता ‘पाठीला बाक असलेले’ किंवा वैद्यकीय संदर्भात ‘कण्याची वक्रता असलेले’ असे लिहावे, हा माझा आग्रह आहे. आणि या समजुतीला सर्वांत ठाम उत्तर आपल्याच भाषेत, चौदाव्या शतकात चोखोबांनी दिलेले आहे: ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’. डोंगा म्हणजे वाकडा. ऊस वाकडा असला म्हणून रस वाकडा होत नाही. नदी वाकडी, पाणी वाकडे नाही. आणि शेवटी चोखा डोंगा, पण त्याचा भाव डोंगा नाही. शब्दशः अर्थ आणि लाक्षणिक अर्थ यांना एकमेकांपासून इतक्या स्वच्छपणे सोडवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ते सोडवणारा माणूस त्या गफलतीचे चटके जन्मभर सोसलेला होता. या अभंगाचा इंग्रजी अनुवाद करायचा असेल तर ‘डोंगा’साठी ‘क्रुकेड’ हाच शब्द घ्यावा लागेल, ‘बेंट’ किंवा ‘कर्व्हड्’ नाही, कारण शरीर आणि आचरण या दोन्हींवर बोट ठेवणारा शब्द तोच आहे.

राहिला आपला उलट प्रश्न. मराठी ‘वाकडे’ लाक्षणिक अर्थाने जिथे जिथे येते, तिथे जवळजवळ कुठेच इंग्रजी ‘क्रुकेड’ बसत नाही. ‘त्या दोघा भावांत वाकडे आहे’ म्हणजे त्यांचे बिनसले आहे, अबोला आहे. दोघेही व्यवहाराला सचोटीचे असू शकतात. इंग्रजीत त्यांचे पटेनासे झाले अशा अर्थाची साधी रचना करावी. ‘वाकड्यात शिरणे’ म्हणजे मुद्दाम कुरापत काढणे. ‘तोंड वाकडे करणे’ म्हणजे नापसंती दाखवणे. ‘वाकडी नजर’ म्हणजे वाईट हेतूने पाहणे. ‘वाकडे पाऊल पडणे’ हे बहुतेक वेळा शीलाविषयी, आणि दुर्दैवाने बहुतेक वेळा बाईच्याच शीलाविषयी बोलले जाते. त्यात लाचलुचपत नसते. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ या म्हणीतले अंगण तर मुळात वाकडे नसतेच. आणि सर्वांत धोक्याचा वाक्प्रचार म्हणजे ‘वाकडी वाट करून येणे’. पुण्याहून नगरला निघालेला एखादा स्नेही केवळ आपली विचारपूस करण्यासाठी शिरूरला मुख्य रस्ता सोडून आत आपल्या गावी येतो, तेव्हा आपण कृतज्ञतेने म्हणतो की, तो वाकडी वाट करून आला. याच्या भाषांतरात ‘क्रुकेड’ शब्द घातला तर त्या सज्जन माणसावर गैरमार्गाचा आरोप येईल. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका कौटुंबिक आठवणींच्या इंग्रजी भाषांतरात अगदी हेच घडले होते, आणि लेखिकेच्या मामांची माफी मागावी असे मला वाटले होते.

एक जागा मात्र अशी आहे जिथे मी मराठीतून इंग्रजीत जाताना हाच शब्द निवडतो. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या पसायदानात, शके १२१२ मध्ये, ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असे मागणे आहे. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. अनेकांना ‘विकेडनेस’ हा शब्द सहज सुचतो, कारण खळ म्हणजे दुष्ट. पण मागणे दुष्टांचा नाश व्हावा असे नाही. मूळचा सरळ माणूस जिथे वाकला आहे तो बाक तेवढा गळून जावा असे आहे. ‘क्रुकेडनेस’ या नामात ती सरळपणाची अपेक्षा आपोआप येते, हे वर सांगितलेच आहे. अडचण एकच: आजचा इंग्रजी वाचक हा शब्द वाचून लाचखोरीकडे झुकण्याचा संभव असतो. तो झुकू नये म्हणून मी क्रियापद आकाराचे ठेवतो. ‘सांडो’साठी ‘नष्ट होवो’ अशा अर्थाचे इंग्रजी क्रियापद न घेता, अंगावरची वस्तू आपसूक गळून पडावी तशा अर्थाचे ‘फॉल अवे’ घेतो, आणि ‘खळ’ हा शब्द ‘क्रुकेड’ या विशेषणाने न सांगता वेगळ्या नामाने सांगतो, म्हणजे माणूस एकीकडे राहतो आणि त्याचा वाकडेपणा दुसरीकडे.